नदीपल्याडचे गाणे

अमेरिकेतल्या लोकगायक कार्टर कुटुंबाची 1939 सालची रेडिओवरची ध्वनिमुद्रणे पहिल्यांदा ऐकताना थोडी निराशा होते. गाणी तीच, गळे तेच, पण गाणे रंगात येते न येते तोच संपते. व्हिक्टर कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर जे गीत तीन मिनिटे मांडी ठोकून बसते, ते इथे एखाद-दोन कडव्यांत उठून जाते. लगेच ब्रदर बिल राइनहार्ट हा निवेदक दोन शब्द बोलतो, गिटारचे चार ठोके पडतात आणि पुढचे गाणे सुरू होते. मधेच लहान मुली गातात, मधेच नुसती गिटार वाजते. हे सगळे पंधरा मिनिटांत आटोपायचे असते.

कॅलिफोर्नियातल्या अरहूली या रेकॉर्ड कंपनीने ही ध्वनिमुद्रणे ‘ऑन बॉर्डर रेडिओ’ या नावाने बाजारात आणली. अमेरिकन कंट्री संगीताचे रसिक ती लोकगीतांचा ठेवा म्हणून ऐकतात, आणि ते योग्यच आहे. पण या तबकड्यांतली घाई, गाण्यांची कापाकापी आणि आवाजांची निवड यांचा अर्थ फक्त गायकांकडे पाहून लागत नाही. त्यासाठी ती ज्यावरून ऐकवली गेली त्या एक्सईआरए या स्टेशनाकडे जावे लागते. त्याचे मनोरे, त्याची वीज, त्याच्या कायदेशीर खटपटी हे सारे गाण्यांच्या घडणीत उतरले आहे.

हे स्टेशन मेक्सिकोतल्या कोआविला राज्यात, विया आकुन्या या लहानशा सीमेवरच्या गावात उभे होते. समोर रिओ ग्रांदे नदी आणि नदीच्या पलीकडे टेक्सासमधले डेल रिओ. मालक मात्र अमेरिकन होता. जॉन ब्रिंकली हा कॅन्सस राज्यातल्या मिलफर्ड नावाच्या खेड्यात दवाखाना चालवायचा. पुरुषत्व परत मिळवून देतो असे सांगून तो रुग्णांच्या शरीरात बोकडाच्या वृषणाचे तुकडे बसवायचा आणि त्याचे 750 डॉलर घ्यायचा. 1923 मध्ये त्याने केएफकेबी हे स्वतःचे रेडिओ स्टेशन काढले. त्यावर फिडलवादन, गावरान गाणी आणि डॉक्टरसाहेबांचे सल्ले असा मालमसाला असे. श्रोत्यांची पत्रे तो माइकवर वाचून दाखवायचा आणि रुग्णाला न पाहता क्रमांकाने औषध सुचवायचा. 1930 मध्ये कॅन्ससच्या वैद्यक मंडळाने त्याचा परवाना काढून घेतला आणि फेडरल रेडिओ कमिशनने स्टेशनाच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले.

ब्रिंकलीला पळवाट सापडली ती मेक्सिकोच्या रुसव्यात. उत्तर अमेरिकेतल्या मध्यमलहरींचे मोक्याचे पट्टे अमेरिका आणि कॅनडा यांनी आपापसांत वाटून घेतले होते. मेक्सिकोच्या वाट्याला काही ठेवले नव्हते. त्यामुळे सीमेवर उभे राहून अमेरिकेच्या दिशेने ओरडणारे स्टेशन काढू द्यायला मेक्सिकोची फारशी हरकत नव्हती. 1931 मध्ये विया आकुन्यात एक्सईआर सुरू झाले. मेक्सिकन सरकारने मधल्या काळात ते बंदही पाडले. 1935 मध्ये ते एक्सईआरए या नावाने परतले तेव्हा त्याची ताकद 500 किलोवॉट होती. अमेरिकेत व्यापारी स्टेशनाला 50 किलोवॉटच्या वर जायची परवानगी नव्हती. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यूने 1934 पासून काही वर्षे 500 किलोवॉटवर प्रक्षेपण केले, पण ते प्रयोग म्हणून. ब्रिंकलीच्या आकड्यात प्रयोगापेक्षा ईर्षा जास्त होती.

हा प्रक्षेपक उभारणाऱ्या अभियंत्याचे नाव जेम्स वेल्डन. स्टेशन 840 किलोहर्ट्झवर चाले, म्हणजे लहर सुमारे 357 मीटर लांबीची. वीज दसपट केली म्हणून आवाज दसपट होत नाही. श्रोत्याच्या एरियलवर पडणारा व्होल्टेज शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 50 चे 500 किलोवॉट केल्यावर तो तिपटीहून थोडा जास्त होतो. पण वादळाच्या खरखरीत बुडालेले शब्द वर काढायला तिप्पटही पुरते. शिवाय एरियलची रचना अशी केली होती की दक्षिणेकडे वाया जाणारी ऊर्जा उत्तरेला वळावी. दक्षिणेला मेक्सिको होता, उत्तरेला गिऱ्हाईक.

दिवसा मध्यमलहरी जमिनीला धरून चालतात. वर गेलेला भाग आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, खालच्या थरात शोषला जातो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरांवर आपटून परततात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतात. म्हणून रात्री एक्सईआरए टेक्सास ओलांडून कॅन्सस, आर्कान्सा, व्हर्जिनियापर्यंत आणि त्याच्याही पुढे ऐकू यायचे. स्टेशनच्या जवळ राहणाऱ्यांना काटेरी तारेच्या कुंपणातून गाणी ऐकू येत, असे किस्से तिकडे अजून सांगतात. किस्से किस्सेच समजावेत, पण ते ज्या ताकदीवरून रचले गेले ती ताकद खरी होती.

आता तबकडीकडे यायला हरकत नाही, कारण तीही अमेरिकन कायदा आणि सीमारेडिओ यांच्या भांडणाची पैदास आहे. सुरुवातीला ब्रिंकली अमेरिकेच्या बाजूला बसून बोलायचा आणि आवाज टेलिफोनच्या तारेने नदीपलीकडच्या प्रक्षेपकावर जायचा. 1934 च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये अमेरिकेने खास कलम घातले. परदेशी स्टेशनवरून परत अमेरिकेतच ऐकवण्यासाठी तिथल्या स्टुडिओतून परवान्याशिवाय कार्यक्रम पाठवायचा नाही, असा त्याचा आशय. लोक त्या कलमाला ब्रिंकलीच्याच नावाने ओळखू लागले. मग उपाय निघाला तो तबकड्यांचा. कार्यक्रम आधी मुद्रित करायचा आणि तबकडी गाडीत घालून पूल ओलांडायचा. हे कायद्यात बसते का, यावर खटलाही झाला. नॉर्मन बेकर हा असाच दुसरा सीमारेडिओवाला त्यात दोषी ठरला आणि अपिलात सुटला.

मराठी वाचकाला हा मार्ग अपरिचित वाटू नये. 1952 नंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या खात्याने आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, तेव्हा अमीन सयानींची ‘गीतमाला’ मुंबईत मुद्रित होऊन विमानाने कोलंबोला जायची आणि रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून भारतात परतायची. दोन्हीकडे गाण्याला देशाबाहेरून वळसा घालावा लागला. फरक हेतूचा होता. सिलोनच्या वाटेने लोकांना हवे असलेले संगीत आले. आकुन्याच्या वाटेने मुळात औषधे विकायची होती, आणि संगीत त्यांच्या पाठीवर बसून आले.

कार्टरांना तिथे बोलावणारी कंपनी होती शिकागोची कन्सॉलिडेटेड रॉयल केमिकल. पेरूना हे टॉनिक आणि कोलरबॅक हा केसांचा कलप हा तिचा माल. पेरूना म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच, त्यातल्या मद्यार्कावरून, नियतकालिकांनी झोडपलेले औषध. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल या तिघांनी ऑगस्ट 1927 मध्ये ब्रिस्टल इथे राल्फ पीअरसमोर व्हिक्टरसाठी पहिली गाणी मुद्रित केली होती. व्हर्जिनियातल्या क्लिंच डोंगराच्या पायथ्याची ही माणसे. नाव झाले होते, पण मंदीने रेकॉर्डचा धंदा बसवला होता. 1938 च्या हिवाळ्यासाठी त्यांना जो करार मिळाला त्यात प्रत्येकाला आठवड्याला 75 डॉलर होते आणि दिवसातून दोनदा गायचे होते. हंगाम हिवाळ्याचा होता, याकडेही लक्ष द्यावे. रात्र मोठी, उन्हाळी वादळांची खरखर नाही, म्हणजे मध्यमलहरी सर्वांत लांब जाण्याचे हेच महिने.

पहिल्या हिवाळ्यात ते डेल रिओला राहून प्रत्यक्ष माइकसमोर गायले. 1936 मध्ये सारा आणि ए. पी. यांचा घटस्फोट झाला होता, तरी गाणे सुटले नव्हते. साराचे मन ए. पी.च्या चुलतभावावर, कॉय बेझवर जडले होते आणि तो दूर कॅलिफोर्नियात होता. तिने ‘आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’ हे गाणे माइकवर त्याला उद्देशून म्हटले, ते त्याने ऐकले आणि तो टेक्सासला निघून आला, अशी हकीकत सांगतात. 20 फेब्रुवारी 1939 रोजी ब्रॅकेटव्हिल इथे त्यांचे लग्न झाले. आज आपण जे ऐकतो ते पुढच्या हंगामाचे. त्या वेळी कार्टर मंडळी सॅन अँटोनिओत होती, आणि तिथे डॉन बॅक्स्टर या उद्घोषकाच्या घरी कार्यक्रम तबकड्यांवर कोरले जात. त्यांच्या प्रती एक्सईआरएबरोबर सीमेवरच्या इतर स्टेशनांनाही पाठवता येत. पहिल्या हंगामात थेट हवेत गेलेले हवेतच विरले. कंपनीची सोय आणि कायद्याची भीती यांच्यामुळे जे तबकडीवर आले ते उरले.

ही तबकडी साधी नव्हती. घरगुती 78 वेगाची रेकॉर्ड दहा इंचांची, तिच्यात जेमतेम तीन मिनिटे. प्रक्षेपणाची तबकडी सोळा इंचांची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेली. तिच्या एका बाजूवर पंधरा मिनिटे मावत. म्हणजे कार्टरांच्या हातात आता एकदम पाचपट वेळ आला होता. एखाद्या गायकाने त्यात दीर्घ बॅलड रंगवली असती. इथे उलट झाले. वेळ वाढला आणि गाणी आखूड झाली.

कारण रेकॉर्ड विकत घेणारा आणि रेडिओ लावणारा यांच्या ऐकण्यात फरक असतो. पैसे देऊन घेतलेली रेकॉर्ड माणूस पूर्ण ऐकतो. अंधारात रेडिओची चकती फिरवणारा माणूस कोणत्याही क्षणी पुढच्या स्टेशनवर जाऊ शकतो, किंवा लहर ओसरली की नाइलाजाने जातो. त्यामुळे दर दीड-दोन मिनिटांनी नवे काहीतरी द्यायचे. सारा-मेबेलचे द्वंद्वगीत झाले की ए. पी.चे एकट्याचे भजन, मग मुलींचे त्रिकूट, मग मेबेलची नुसती गिटार. ही घडण ऐकत गेले की सुरुवातीला खटकलेली घाई हळूहळू लय वाटू लागते. प्रत्येक गाणे आपला एकच ठळक रंग दाखवते आणि जागा सोडते. साराने कडवी कापली, पण धून कुठे कापली नाही. मुखडा पूर्ण येतो, गिटारचा एक फेरा पूर्ण येतो, मग थांबणे. कापायचे कुठे हे तिला नेमके कळत होते, हे व्हिक्टरच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डवरून कळले नसते.

आता गिटारकडे. मेबेल अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर धून वाजवते आणि बोटांनी वरच्या तारा घासून ताल धरते. गिब्सनची एल-फाइव्ह ही भरदार आवाजाची गिटार तिच्या हातात होती. ही पद्धत रेडिओने घडवली नाही; ब्रिस्टलच्या 1927 मधल्या रेकॉर्डवर ती तशीच आहे. पण शेकडो मैल ओलांडून येणाऱ्या लहरीत काय टिकते, याचा विचार केला की तिची किंमत कळते. आयनांबरावरून परतलेल्या लहरीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी क्षीण होतात. वाद्यवृंदातले बारकावे त्यात विस्कटतात, झांजांचा चिवचिवाट तर खरखरीतच मिसळतो. मेबेलच्या वादनात धून आणि ताल दोन्ही एकाच वाद्यात आहेत, दोघांमध्ये मोकळी जागा आहे. क्षणभर धून बुडाली तरी ताल मोजत राहतो, ताल बुडाला तरी अंगठा धून पुढे नेतो. मला वाटते, या वादनाला रेडिओने जन्म दिला नसला तरी निवडले मात्र त्यानेच. पुढच्या पिढीतल्या असंख्य गिटारवादकांनी ही पद्धत उचलली, आणि त्यांतल्या कित्येकांनी मेबेलला कधी पाहिलेही नव्हते.

साराचा गळाही असाच. बाईच्या मानाने तो खर्जातला, सपाट, कंप जवळजवळ नसलेला. रंगमंचावर असा आवाज रुक्ष वाटू शकतो. इथे तो प्रत्येक शब्द जागेवर ठेवतो. ती शोकगीत गाताना रडत नाही. विधवेचे, अनाथाचे, तुरुंगातल्या माणसाचे गाणे ती एखादी बातमी सांगावी तशा स्वरात म्हणते, आणि दुःख ऐकणाऱ्यावर सोडून देते. दुसऱ्या हंगामाच्या तबकड्या ऐकताना एक गोष्ट मनातून जात नाही. आता ती कॉय बेझची बायको आहे, कॅलिफोर्नियाहून गाण्यासाठी आली आहे, आणि शेजारी उभा ए. पी. तिच्या ओळीखाली आपला खर्ज लावतो आहे. ए. पी. मनाला येईल तेव्हाच गायचा, मधेच गप्प बसायचा. जुन्या रेकॉर्डवर हा त्याचा लहरीपणा वाटतो. इथे त्याच्या गप्प बसण्यातही ऐकणारा अर्थ शोधू लागतो. तो अर्थ आपण घालतो हे मान्य करूनही, त्याचा खर्ज परत आला की साराच्या ओळीला जमीन मिळते, हे कान नाकारू शकत नाही.

मुलींच्या गाण्यांवर अनेक समीक्षक थांबत नाहीत. मेबेलच्या हेलन, जून आणि ॲनिटा, साराची जॅनेट. ॲनिटा तर सहा-सात वर्षांची. जूनच्या गळ्यात सूर नेमका बसत नाही, पण हजरजबाबीपणा भरपूर आहे, आणि तो पुढे तिचे आयुष्य चालवणार होता. या मुलींमुळे कार्यक्रमाला घराचे रूप आले. मोडलेल्या घराच्या दोन टोकांनी मुलांना मधे घेऊन पंधरा मिनिटांपुरते अखंड घर उभे केले. ‘कीप ऑन द सनी साइड’ हे त्यांचे ओळखगीत होते, हे लक्षात घेतले की त्यातला आशावाद थोडा कडवट लागतो.

ऐकणाऱ्यांचे घर कसे होते? तीसच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या शेतघरांपैकी दहात एखाद्याच घरी वीज होती. बाकीच्यांचे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरी उतरू नये म्हणून ते मोजून लावले जात. आर्कान्सातल्या डायस या शेतकरी वसाहतीत एक कापूस वेचणारा मुलगा सीमारेडिओवर कार्टरांना ऐकायचा. तो जॉनी कॅश. पुढे 1968 मध्ये त्याने जून कार्टरशीच लग्न केले. 500 किलोवॉटची मिरवणूक एका टोकाला आणि उतरत चाललेली बॅटरी दुसऱ्या टोकाला. प्रक्षेपकाने उधळलेली वीज ही श्रोत्याजवळ नसलेल्या विजेची भरपाई होती. दुबळा रेडिओ आणि ओबडधोबड एरियल यांनाही ऐकू जावे, एवढी ताकद तिकडून लावलेली होती.

स्टेशनाचा शेवट त्याच्या सुरुवातीसारखाच कागदावर ठरला. 1937 मध्ये हवाना इथे उत्तर अमेरिकेतल्या देशांनी लहरींच्या फेरवाटपाचा करार केला. त्यात मेक्सिकोला हक्काचे पट्टे मिळाले आणि सीमेवरच्या महाकाय स्टेशनांची गरज संपली. 29 मार्च 1941 रोजी करार अमलात आला आणि त्याच सुमाराला एक्सईआरए बंद झाले. ब्रिंकलीने मॉरिस फिशबाइन या वैद्यकीय संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. 1939 मध्ये डेल रिओच्याच कोर्टात तो हरला, 1941 मध्ये दिवाळखोर झाला, 1942 मध्ये मेला. कार्टरांची मूळ तिकडी 1943 मध्ये पांगली. वेल्डनने मात्र युद्धानंतर डॅलसमध्ये काँटिनेंटल इलेक्ट्रॉनिक्स उभारली आणि तिने मोठ्या ताकदीच्या प्रक्षेपकांत नाव कमावले. ठकाच्या पैशावर शिकलेली विद्या सरळ कामाला लागली. आकुन्यातही 1947 मध्ये एक्सईआरएफ हे नवे स्टेशन आले, पण ती वेगळ्या संगीताची गोष्ट.

या तबकड्यांच्या आस्वादात एक पेच आहे. आज आपल्या कानावर पडते ते माइकपासून लॅकरपर्यंतचे गाणे. लॅकरपासून प्रक्षेपक, आयनांबर, बॅटरीचा रेडिओ हा पुढचा प्रवास त्यात नाही. म्हणजे 1939 च्या कोणत्याही श्रोत्याने ऐकले नसेल इतके स्वच्छ गाणे आपण ऐकतो. स्वच्छपणाचा फायदा उघड आहे: मेबेलच्या अंगठ्याचे बळ, ए. पी.चा श्वास, मुलींचा गोंधळ हे कळते. पण आपण प्रतीलाच कृती समजण्याचा धोकाही त्यातच आहे. हे कार्यक्रम खरखरीतून वाट काढण्यासाठी रचले होते, आणि त्यांची साधेपणाची शिस्त त्या खरखरीमुळेच आली. ती बाजूला काढल्यावर शिस्त उरते, तिचे कारण दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाणी नुसती आखूड वाटतात.

त्यामुळे या संग्रहातून आवडती गाणी वेचून ऐकू नयेत. तबकडीची एक बाजू सुरुवातीच्या ओळखगीतापासून शेवटपर्यंत सलग ऐकावी, निवेदकासकट. पेरूनाचे कौतुक करणारा धंदा आणि खोटे न बोलणारा साराचा गळा एकाच तबकडीच्या एकाच बाजूवर कोरलेले आहेत, आणि एकाला दुसऱ्यापासून सोडवता येत नाही. औषधाचा पैसा नसता तर मनोरा नसता, कायदा नसता तर बहुधा तबकडी नसती, आणि तबकडी नसती तर हे हिवाळे ऐकणाऱ्यांबरोबरच संपले असते. गाण्याची थोरवी त्याने कमी होत नाही. उलट, इतक्या खोट्या सोबतीत राहूनही ते कुठे खोटे लागत नाही, हीच या तबकड्यांची सर्वांत कठीण परीक्षा होती आणि कार्टर तिला उतरले.